सावरपाड्याची कविता आणि पंचवीस फेऱ्या

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'इतिहास' असा एकच शब्द सांगून लेख मागितला. मी कॅम्पचा इतिहास लिहीन अशी बहुतेकांची समजूत असणार. इंग्रजांची छावणी, बोटीने मुंबईला उतरलेल्या गोऱ्या सोल्जरांचा इथला मुक्काम, 'देवळाली'चं त्यांच्या तोंडी झालेलं 'डुलॅली', मग फाळणीनंतर काकूलहून इथे आलेलं तोफखान्याचं स्कूल. पण हे सगळं आपल्या इतिहासाच्या बाईंनी इतक्या वेळा आणि इतकं छान सांगितलंय की त्यात मी नवं काय घालणार? म्हणून मी त्या इतिहासाबद्दल लिहिते, जो आपण दहावी होऊन बाहेर पडल्यावर, आपल्याच जिल्ह्यात, आपल्या डोळ्यांदेखत घडला. तो कविता राऊतचा आहे. नाशिककर तिला एकेरीतच बोलावतात, त्यात माया असते. मीही तसंच लिहिते. ती आपल्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान. म्हणजे आपण दहावीला होतो तेव्हा ती प्राथमिक शाळेत असेल, त्र्यंबकच्या पलीकडे, हरसूलच्या बाजूच्या डोंगरात.

8 ऑक्टोबर 2010. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राष्ट्रकुल स्पर्धेतली महिलांची 10,000 मीटरची शर्यत. केनियाची ग्रेस मोमान्यी पहिली, केनियाचीच डोरिस चांग्येवो दुसरी, आणि 33 मिनिटं 5.28 सेकंदांत तिसरी आली कविता राऊत. कांस्यपदक. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुरुष धरले तरी आधीचं असं पदक होतं मिल्खा सिंग यांचं, 1958 साली कार्डिफमधलं. मध्ये 52 वर्षं गेली होती. ती ज्या पाड्यातून आली तो नकाशावर भिंग घेऊन शोधावा लागतो.

हे सगळ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्रांनी तिचं 'सावरपाडा एक्स्प्रेस' असं नाव पाडलं, ते आजही चालतं. मला सांगायचंय ते त्याच्या आजूबाजूचं. ती कशी धावली, कोणाबरोबर धावली, आणि ही शर्यत मुळात मुलींसाठी होती तरी कधीपासून.

लांब पल्ला आपल्याकडे जुनाच

लांब पळणं मराठी मुलखाला नवीन नाही. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. तिथे शेतकरी घरांतली पोरं अनवाणी, कसलंही शिक्षण न घेता धावत होती, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. दोराबजींना त्याचं नवल वाटलं. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि सदाशिव दातारही होते. चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्या 42.195 किलोमीटरपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. तरी त्यांनी ती तीन तासांच्या आत संपवली.

म्हणजे भारत ऑलिंपिकला संघ पाठवू लागला तो लांब पल्ल्याच्या धावपटूंना बरोबर घेऊनच, आणि त्यात मराठी मुलखातली गडी माणसं होती. पण गडीच. बायका कुठे होत्या?

त्याचं उत्तर शोधताना मला जी सनावळी मिळाली ती मी एका कागदावर लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवली आहे. 1928, अॅमस्टरडॅम: महिलांना पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये 800 मीटर धावू दिलं. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या. वर्तमानपत्रांनी त्याचं तिखटमीठ लावून वर्णन केलं, आणि बायकांच्या प्रकृतीला हे झेपत नाही असं ठरवून ही शर्यतच बंद केली. पुरुषही शर्यतीनंतर आडवे होत होतेच, पण त्यांच्या शर्यती कोणी बंद केल्या नाहीत. ती पुन्हा आली 1960 ला, रोममध्ये. महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली 1984 ला, लॉस एंजेलिसला. 10,000 मीटर आली 1988 ला, सोलला. आणि 5,000 मीटर आली 1996 ला, अटलांटाला.

1996! मित्रमैत्रिणींनो, आपण त्या वर्षी दहावीला बसलो होतो. आपल्या वर्गातल्या मुली बीजगणिताची प्रमेयं पाठ करत होत्या त्या उन्हाळ्यापर्यंत जगातल्या कुठल्याही बाईला ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटर धावायची परवानगी नव्हती. चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले त्याला 64 वर्षं झाली तेव्हा बाईला ऑलिंपिकची मॅरेथॉन मिळाली. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, मे 1985 मध्ये, कविता जन्मली. तिच्या आधीच्या पिढीत तिच्याइतकी दमदार मुलगी हरसूलच्या डोंगरात नव्हती असं मला वाटत नाही. पण तिच्यासाठी शर्यतच नव्हती.

आपलं मैदान

आता जरा आपल्या मैदानाकडे येऊ. कॅम्पात वाढलेल्याला पळणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सकाळच्या शाळेला जाताना रेस्ट कॅम्प रोडवर, लॅम रोडवर जवानांच्या रांगाच्या रांगा पळताना आपण पाहिल्या आहेत. एका तालात पडणारे बूट, पुढचा मोठ्याने ओरडतोय, मागचे त्याला साद देताहेत. थंडीत त्यांच्या अंगातून वाफ निघायची. आपण सायकल हळू करून बघत राहायचो.

आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात मात्र पळण्याची वाटणी ठरलेली असायची. मुलांना 100, 200, 400, 1500 आणि शेवटच्या दिवशी खंडोबा टेकडीपर्यंतची मोठी दौड. मुलींना 100, 200, रिले, आणि मग लिंबू-चमचा, तीन पायांची शर्यत, संगीत खुर्ची. यात आपल्या शाळेचा काही वेगळा दोष होता असं नाही. त्या काळात आजूबाजूच्या बहुतेक शाळांत हेच होतं, आणि वर लिहिलेली सनावळी पाहिली तर जगातही हेच होतं. आपल्या क्रीडाशिक्षकांनी मुलींना खोखोत जेवढं तयार केलं तेवढं त्या काळात फार थोड्या शाळांनी केलं, हेही इथे लिहिलं पाहिजे.

तरी मला आपल्या वर्गातली एक मुलगी आठवते. ती नानेगावच्या बाजूने चालत यायची. सायकल घरात एकच, ती भावाकडे. खोखोत ती पाठलागाला उठली की समोरच्या संघाच्या पोटात गोळा यायचा, कारण ती दमायची नाही. पण 100 मीटरला तिचा कधी नंबर आला नाही. मागच्या वर्षी आपण काही जणी जमलो तेव्हा हा विषय निघाला. ती हसत म्हणाली, "मला पळायला उशीरच लागायचा गं. माझं अंग गरम व्हायच्या आत तुमची शर्यत संपून जायची."

आम्ही सगळ्या हसलो. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

पाणी, शाळा, पाय

सावरपाडा त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. आदिवासी पाडा, आजूबाजूला डोंगर, भात-नागली-वरईची शेती. या भागात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिल-मे उजाडला की हंडाभर पाण्यासाठी वणवण सुरू होते. दारणेचं पाणी नळाला येणाऱ्या आपल्या कॅम्पापासून हे सगळं गाडीने दोन तासांवर. लहानपणी पाणी आणायला आणि शाळेत जायला कवितेची रोजची पायपीट होती. धावणंच का निवडलं, या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर बऱ्याच ठिकाणी छापून आलंय: या खेळाला बूटही लागत नाहीत, अनवाणी धावता येतं.

या उत्तरात लोकांना गरिबी दिसते. मला त्यात हिशेब दिसतो. आपल्यापाशी काय आहे, काय नाही, आणि जे आहे त्यात कुठला खेळ बसतो, हे एका शाळकरी पोरीने नीट जोखलं होतं. पाण्याच्या वाटेने दम वाढतो हे खरं. पण पाण्याला जाणाऱ्या हजारो पोरी आहेत, त्या सगळ्यांना पदकं मिळत नाहीत. पदकासाठी त्या दमाला कोणीतरी वळण लावावं लागतं.

ते लावलं विजेंदर सिंग यांनी. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे हे प्रशिक्षक नाशिकला आले आणि इथलेच झाले. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर त्यांनी जिल्ह्यातल्या पाड्यांवरची, खेड्यांतली पोरं-पोरी घडवली. शहरात क्रिकेटचे क्लास निघत होते त्या दिवसांत हा माणूस पोरांना फेऱ्या मारायला लावत होता. नाशिकमध्ये पुढे जे घडलं त्याचं बरंचसं श्रेय या एका माणसाच्या पहाटेच्या चिकाटीला आहे. आपल्या शिक्षकांपैकी जे कोणी हे वाचत असतील त्यांना मी वेगळं काय सांगू? एक मास्तर एका गावात टिकून राहिला तर काय होतं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

पंचवीस फेऱ्या म्हणजे काय

10,000 मीटर म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या. टीव्हीवर ही शर्यत बघायला कंटाळवाणी. पहिल्या वीस फेऱ्यांत काहीच घडत नाही असं वाटतं. पण खरं ते तिथेच घडत असतं. प्रत्येक फेरीत दोन निर्णय: आता पुढे जायचं की पुढच्याच्या सावलीत राहायचं, आणि हा वेग शेवटपर्यंत परवडणार आहे का. पहिल्या पाच फेऱ्या जरा जोरात मारल्या तर त्याची वसुली विसाव्या फेरीला होते, आणि व्याजासकट होते. शेवटच्या फेरीत घंटा वाजते, आणि मग ज्याने जपून ठेवलंय त्याने ते सगळं खर्चून टाकायचं.

मी सॉफ्टवेअरमधली. आमच्या धंद्यात मिलिसेकंदांवरून भांडणं होतात. त्यामुळे आकडे दिसले की मी मांडायलाच बसते. दिल्लीतली 33:05.28 ही वेळ पंचवीसने भागली की एक फेरी साधारण 79.4 सेकंदांची येते. दुसरी आलेली चांग्येवो तिच्यापुढे 28 सेकंद होती, म्हणजे अंतराने सुमारे 140 मीटर. पुढे हाताला लागेल असं कोणी नाही, आणि तरी वेग सोडायचा नाही. हे एक वेगळंच भांडण असतं, स्वतःशी.

आता सहा आठवडे पुढे या. 21 नोव्हेंबर 2010, चीनमधलं ग्वांगझू, आशियाई स्पर्धा. तीच 10,000 मीटर. कविता धावली 31 मिनिटं 51.44 सेकंद. म्हणजे फेरी 76.5 सेकंदांची. दर फेरीला जवळजवळ तीन सेकंद कमी, आणि अशा पंचवीस फेऱ्या. एकूण 74 सेकंद वाचले, एकाच माणसाने, दीड महिन्यात. हवामान वेगळं होतं, शर्यतीची चाल वेगळी होती, हे मान्य. पण मला वाटतं सगळ्यात मोठं कारण वेगळं होतं. त्या दिवशी तिच्या हाताच्या अंतरावर कोणीतरी होतं.

प्रीजा

तिचं नाव प्रीजा श्रीधरन. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातली, म्हणजे तीही डोंगरातलीच. रेल्वेत नोकरी. देशातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्या वर्षांत ही दोन नावं जोडीनेच यायची. त्या दिवशी ग्वांगझूला प्रीजाने 31:50.47 वेळ दिली आणि सुवर्ण जिंकलं. तो राष्ट्रीय विक्रम होता. कवितेला रौप्य. दोघींच्या मागे बहारीनची शिताये एशेते तिसरी.

दोघींमधलं अंतर 0.97 सेकंद. त्या वेगाने धावताना एका सेकंदात पाच मीटरच्या आसपास अंतर कापलं जातं. म्हणजे दहा हजार मीटर पळून झाल्यावर सोनं आणि चांदी यांच्यामध्ये उरले होते पाच मीटर. आपल्या वर्गखोलीच्या रुंदीपेक्षाही कमी.

पाच दिवसांनी, 26 नोव्हेंबरला, 5,000 मीटर. बहारीनची मिमी बेलेटे 15:15.59, प्रीजा 15:15.89, कविता 15:16.54. पुन्हा दोघी पदकांत. यावेळी पहिली आणि तिसरी यांच्यात 0.95 सेकंद.

या दोन निकालांकडे बघून कोणी म्हणेल की कवितेचं सुवर्ण एका सेकंदाने हुकलं. आपल्याकडे असं म्हणायची सवयच आहे. पी. टी. उषाच्या 1984 च्या शर्यतीचं आपण लहानपणापासून ऐकत आलो, सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्य हुकलं, आणि ऐकताना दर वेळी घशात दाटून येतं. पण मी हे आकडे जितके वेळा पाहिले तितकं मला उलटं वाटत गेलं. प्रीजा नसती तर कविता 31:51 धावली असती का? आणि कविता मागे चिकटलेली नसती तर प्रीजाचा विक्रम झाला असता का? लांब पल्ल्याच्या शर्यतीत प्रतिस्पर्धी हा भिंतीसारखा नसतो, तो वाऱ्यासारखा असतो. समोरून आला तर अडवतो, मागून आला तर ढकलतो. पण असावा लागतो. एकट्याने धावून कोणी आपली सर्वोत्तम वेळ दिल्याची उदाहरणं फार थोडी.

ईर्ष्या या शब्दाला आपल्या घरांत वाईट मानतात, मुलींच्या बाबतीत तर फारच. 'तिच्याशी काय बरोबरी करतेस' हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकीने ऐकलंय. पण पंचवीस फेऱ्या बरोबरी केल्याशिवाय धावता येत नाहीत. ज्या मुलीला चढाओढीची लाज वाटू दिली नाही, तिच्याकडून काय होऊ शकतं, ते त्या नोव्हेंबरमध्ये दोन डोंगरी पोरींनी दाखवलं. एकीने दुसरीला हरवलं, आणि दोघी मिळून अख्ख्या आशियाच्या पुढे गेल्या.

जाता जाता एक गोष्ट. बारा वर्षांनी, 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे 0.05 सेकंदाने दुसरा आला. तो सैन्यातला जवान. त्या बातमीच्या दिवशी मला रेस्ट कॅम्प रोडवरच्या रांगा आठवल्या.

एकशेविसावी

पदकाच्या दिवसाबद्दल सगळेच लिहितात. मला कवितेचा आणखी एक दिवस तितकाच मोठा वाटतो.

2016 च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन 2 तास 38 मिनिटं 38 सेकंदांत जिंकली आणि रिओ ऑलिंपिकची पात्रता मिळवली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी सावरपाड्याची मुलगी ऑलिंपिकला उभी राहिली. 14 ऑगस्टला रिओत ऊन तापलं होतं. वीसहून जास्त जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. तिच्याबरोबरची आपली ओ. पी. जैशा शेवटची रेघ ओलांडून कोसळली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. कवितेने वेळ दिली 2 तास 59 मिनिटं 29 सेकंद. क्रमांक 120.

गुवाहाटीपेक्षा एकवीस मिनिटं जास्त. आपला दिवस नाही हे लांब पल्ल्याच्या धावपटूला फार लवकर कळतं, बहुधा अर्ध्या शर्यतीच्या आतच. त्यानंतर उरतात वीस-बावीस किलोमीटर, ज्यांत मिळवण्यासारखं काहीच नसतं. पदक नाही, विक्रम नाही, मथळा नाही. थांबलं तर कोणी नावं ठेवत नाही. अशा वेळी जे पाय पुढे पडतात, ते कशाच्या जोरावर? मी त्याला स्पर्धेची वृत्तीच म्हणते. समोर कोणी उरलं नाही तरी शर्यतीशी केलेला करार मोडायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी, 15 ऑगस्टला, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय महिला याआधी दिसली होती ती थेट 1984 ला, उषा. म्हणजे दोन दिवसांत, जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर, महाराष्ट्रातल्या दोन कोपऱ्यांतल्या दोन पोरी लांब पल्ल्याला धावल्या. एक पाण्याने तुडुंब आणि मग कोरड्या होणाऱ्या डोंगरातली, एक कायम दुष्काळी माणदेशातली.

तिच्या मागून

कवितेला 2012 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. ओएनजीसीत नोकरी मिळाली. पण मला तिची खरी कमाई वाटते ती तिच्या मागून आलेल्या मुली. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे 2017 ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. नाशिकचीच संजीवनी जाधव त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरला कांस्यपदक घेऊन आली. विजेंदर सिंगांच्या त्याच मैदानाने घडवलेल्या पोरींची रांगच लागली. एका पाड्यातली एक मुलगी रेल्वेच्या इंजिनासारखी निघाली आणि मागे डबे जोडले गेले. 'एक्स्प्रेस' हे नाव पत्रकारांनी वेगासाठी दिलं असेल, मला ते या डब्यांमुळे पटतं.

आणि शर्यत असली की धावणाऱ्या सापडतात, हे यातून सिद्ध झालं. 1928 मध्ये ज्यांनी शर्यत बंद केली त्यांना वाटत होतं की बायका लांब धावू शकत नाहीत, म्हणून शर्यत नको. प्रत्यक्षात उलटं होतं. शर्यत नव्हती म्हणून लांब धावणाऱ्या बायका दिसत नव्हत्या. नानेगावहून चालत येणारी आपली मैत्रीण कविता झाली असती असा माझा दावा नाही. हजारांत एखादीच कविता होते. पण तिला स्वतःला कळलं असतं की आपण कशात चांगल्या आहोत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे कळणं किती मोलाचं असतं, ते आपण सगळे पन्नाशीकडे झुकताना आता जाणतो.

म्हणून एक मागणी

स्नेहसंमेलनाच्या निधीतून शाळेला काय द्यावं यावर आपल्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली. संगणक, पाण्याची टाकी, ग्रंथालयाची कपाटं, सगळ्याच सूचना चांगल्या आहेत. मी त्यात एक स्वस्तातली भर घालते.

मुख्याध्यापकांच्या आणि क्रीडाशिक्षकांच्या परवानगीने, येत्या क्रीडामहोत्सवापासून आठवी ते दहावीच्या मुलींसाठी 3,000 मीटरची शर्यत सुरू करावी. आपलं मैदान लहान आहे, ट्रॅक 200 मीटरचाच निघतो, म्हणजे पंधरा फेऱ्या होतील. फेऱ्या मोजायला माणसं लागतील, आपण मोजू. सरावासाठी दिवाळीनंतरचे दोन महिने मिळावेत, एकदम कोणाला उभं करू नये. सुरुवातीला डॉक्टर असावा, आपल्याच तुकडीत तिघे आहेत. आणि ज्या मुलींकडे बूट नाहीत त्यांना बूट द्यावेत. कविता अनवाणी धावली म्हणून पुढच्या पोरींनीही अनवाणीच धावावं, असं तिलाही वाटणार नाही.

बक्षीस पहिल्या तिघींना असावंच, ते नसेल तर चढाओढ कशी होणार? पण माझी इच्छा अशी की पंधराच्या पंधरा फेऱ्या पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव आणि तिची वेळ, सेकंदासकट, शाळेच्या फळ्यावर लिहावी आणि पुढच्या वर्षीपर्यंत पुसू नये. वेळा नोंदवायचं काम माझ्याकडे. एक छोटी प्रणाली मी लिहून दिली आहे, ती साध्या मोबाइलवर चालते.

आपल्या नानेगावच्या मैत्रिणीला मी हे सांगितलं. तिची धाकटी नात्यातली एक पोर यंदा आपल्याच शाळेत आठवीला आहे. तिला अंतर किती ते विचारायला सांगितलंय म्हणे. 3,000 मीटर, असं मी कळवलंय. पहिल्या शर्यतीसाठी निधी देणाऱ्यांनी आपली नावं संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर द्यावीत.